माइक लावायच्या आधी

पहिली चार गाणी रेकॉर्ड करायला आठवडा उरला असेल, तर सगळ्यांत आधी पेटीवाल्याला गाठा. गिटार, एकतारी, तुणतुणं पिळून खालीवर करता येतं. पेटीचे सूर जिथं बसवलेत तिथंच राहतात. जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या, म्हणजे ट्यूनर धरतो त्या प्रमाण सुराच्या हिशेबात बहुतेक वेळा जराशी चढी नाहीतर उतरलेली निघते. म्हणून मोबाइलमधल्या ट्यूनरवर विसंबू नका, बाकी सगळं पेटीवर लावा. आम्ही हे केलं नाही आणि पहिली अख्खी दुपार एकमेकांच्या कानांवर संशय घेण्यात घालवली. गायिकेची पट्टी कागदावर लिहून ठेवा. काळी चार असेल तर गिटारवाल्यानं पहिल्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जी कॉर्ड धरायचा, एवढं आधीच ठरलेलं बरं. नव्या तारा दोन-तीन दिवस आधी चढवा, त्या ताणून मग स्थिरावतात. तानपुऱ्याची जवारी (घोडीची घासून साधलेली पाठ, जिच्यामुळं तार गुंजते) बसली असेल तर मिरजेत सतारमेकर गल्लीत लवकर नेऊन द्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण जवारी अजून कानानं आणि हातानंच निघते. कारागिराला घाई करणारं गिऱ्हाईक होऊ नका.

हलगी चामड्याची असेल तर शेकायची सोय अंगणात हवी. शेकल्याबरोबर येणारा कडकडाट आणि वीस मिनिटांनंतरचा आवाज यांत फरक पडतो. मग दोन टेकचे, म्हणजे एकाच गाण्याच्या दोन वेळच्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडायला गेलं की सांधा ऐकू येतो. प्रत्येक टेकआधी सारखंच शेका. वादकाला शेजारच्या खोलीत बसवा, नाहीतर गायिकेच्या माइकमध्ये तोच जास्त भरतो.

स्टुडिओ तासावर पैसे घेतो, त्यामुळं आम्ही सांगलीजवळच्या हरिपुरात एका मित्राचं घर धरलं. घरी करणार असाल तर भिंतींवर आणि दारावर वाकळा टांगा. पंखा, फ्रिज बंद. वीज कुठल्या वारी जाते ते शेजारणीला विचारा, तिला पक्कं माहीत असतं. कंडेन्सर माइकला (बारीकसा आवाजही पकडणारा स्टुडिओतला माइक) इंटरफेसवरून, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवरून, ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, ते बटण विसरलं की माइक बिघडला म्हणून आरडाओरडा होतो. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यांत मोठी तान मीटरवर उणे सहा डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे. फायली दोन ठिकाणी. क्लिक ट्रॅक (लय धरायला कानात वाजणारा मेट्रोनोमचा ठोका) हवाच असं नाही. जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, मेट्रोनोमवर तिचा जीव जातो, असं माझं मत आहे. आमचा ढोलकीवाला अजून मानत नाही.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, तरी एक पान लिहाच. शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला. कायद्यात या तिन्हींचे हक्क वेगळे आहेत. शब्द आणि चालीचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो, म्हणजे भांडण नातवंडांपर्यंत पोचू शकतं. वाटे आकड्यांत लिहा, सगळ्यांनी सह्या करा. आजीकडून घेतलेल्या ओवीपुढं आपलं नाव घालू नका. ‘पारंपरिक’ लिहा आणि कुठल्या गावात, कुणाच्या तोंडून ऐकली तेही तिला विचारून नोंदवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (त्या रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, तो बहुधा गाणं ऑनलाइन चढवणारी कंपनीच देते.

आणि भडंगाचा डबा दाराबाहेर. तेलातिखटानं गळा बसतो ते बसतोच, शिवाय कंडेन्सरला कुरकुर फार स्वच्छ ऐकू येते.