चाळिशी लागली आणि फ्रंट साईट पुसट झाली? मग या चुका टाळा

पॅरिस ऑलिम्पिक (२०२४) झालं आणि आमच्या रेंजवर नवीनच पंचाईत. तुर्कीचा युसुफ दिकेच, वय ५१, एक हात खिशात, साधा चष्मा आणि एअर पिस्तूल मिक्स्ड टीमचं सिल्व्हर. तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला आणि पन्नाशीतला प्रत्येक जण म्हणायला लागला की बघा, त्याला कुठे काय लागतं, आपल्यालाच कशाला हे खास चष्म्यांचे चोचले. अहो पण फोटोत फ्रेम दिसते, काचेचा नंबर दिसत नाही ना! मीही १० मीटर एअर पिस्तूल मारतो, पन्नाशी कधीच ओलांडली, आणि खाली लिहिलेल्या जवळपास सगळ्या चुका स्वतः करून झाल्यात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फ्रंट साईट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) सोडून बुलकडे, म्हणजे टार्गेटवरच्या काळ्या गोलाकडे बघणं. माझा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) तीनेक महिने उभा पसरत होता, एक वर एक खाली, आणि मी रोज वेगळ्यालाच दोष देत होतो, आज छर्रे खराब, उद्या ट्रिगर जड, मग रिअर साईटचे, म्हणजे पिस्तुलाच्या मागच्या खाचेचे क्लिक फिरवत बसलो (ती बिचारी जागच्या जागी होती). झालं होतं एवढंच की फ्रंट साईट पुसट दिसायला लागली म्हणून डोळा आपोआप जे स्पष्ट दिसतंय तिकडे पळत होता आणि साईटची वरची कड कुठे आहे हे मी अंदाजाने ठरवत होतो. आता हिशेब बघा. दोन साईटमधलं अंतर समजा ३२ सेंटीमीटर. फ्रंट साईट खाचेत १ मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर १० मीटरवर छर्रा ३१ मिलिमीटर सरकतो, म्हणजे दहाचा थेट सात. उलट साईट नीट जुळलेली आहे आणि अख्खा हातच १० मिलिमीटर हलला तर छर्राही तेवढाच हलणार, नऊ मिळतात. म्हणून बुल करडा गोळा दिसला तरी चालेल, फ्रंट साईटची कड कापल्यासारखी दिसली पाहिजे. आणि बुल पुसट असेल तर साईट त्याच्या खालच्या कडेला अगदी चिकटवू नका, मध्ये पांढरी पट्टी मोकळी सोडा, नाहीतर दर शॉटला ती कड वेगळ्याच जागी वाटते.

दुसरी चूक, वाचायचा चष्मा लावून उभं राहणं. +२.०० ची काच ५० सेंटीमीटरवर स्पष्ट दाखवते, फ्रंट साईट असते डोळ्यापासून साधारण ८५ ते ९५ सेंटीमीटरवर, म्हणजे धड साईट नाही आणि बुल तर गायबच. प्रोग्रेसिव्ह (जवळचा-लांबचा नंबर एकाच काचेत) त्याहून वाईट, कारण योग्य पट्टा सापडावा म्हणून हनुवटी वर जाते आणि दर शॉटला वेगळी जाते. यासाठी वेगळी एकाच नंबरची काच करून घ्यावी लागते, लांबच्या नंबरात थोडासाच प्लस मिळवून, बहुतेकांना +०.५० ते +०.७५ पुरतो. मी पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात पिस्तुलाची बॅगच घेऊन गेलो, चेन उघडली आणि काउंटरवरच्या पोराचा चेहरा बघून परत बंद केली. तुम्ही असलं काही करू नका. घरी कुणाला तरी टेप धरायला सांगून डोळा ते फ्रंट साईट अंतर मोजा (माझं ८८ सेंटीमीटर), एका पट्टीवर काळा चौकोन चिकटवा, ती दुकानात तेवढ्या अंतरावर धरा आणि ट्रायल फ्रेममध्ये (नंबर काढताना घालतात ती) काचा बदलून बघा. ज्या सगळ्यात कमी प्लसला चौकोनाची कड स्वच्छ दिसते तो तुमचा नंबर. माझा लांबचा -१.००, त्यात +०.७५, म्हणजे उरला -०.२५. पोरगा म्हणाला, काका, ही तर जवळजवळ साधीच काच झाली, हिचे कशाला पैसे घालवताय. पुढच्याच आठवड्यात ग्रुप आवळला. फक्त काच नजरेला सरळ समोर यायला हवी, मान वळवून काचेच्या कडेतून बघितलं तर चांगला नंबरही वाया जातो, शूटिंगच्या खास फ्रेममध्ये काच फिरवता येते ती याचसाठी.

दुसरा डोळा मिटून घेणं किंवा काळ्या पट्टीने झाकणं, हेही सोडा. एका डोळ्याला अंधार केला की दुसऱ्याचीही बाहुली मोठी होते आणि मोठ्या बाहुलीला जवळचं आणि लांबचं एकदम स्पष्ट दिसत नाही, शिवाय चेहरा आखडतो तो वेगळाच. काचेवर पांढरट पारदर्शक टेप लावा, उजेड येऊ दे, चित्र नको. समोरून झाकणारा ब्लाइंडर ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको, असा नियम आहे.

उजेडाचंही तेच. घरी प्रॅक्टिस करणारे टार्गेटवर झगझगीत दिवा लावतात आणि स्वतः अंधारात उभे राहतात, मग बाहुली मोठी होणार नाही तर काय. हवं तर काचेवर आयरिस (लहानमोठं करता येणारं भोक) लावा, बारीक भोकातून साईट आणि बुल दोन्ही जरा जास्त स्पष्ट दिसतात. आधी फुकटात बघायचं असेल तर काळ्या इलेक्ट्रिक टेपला दीडेक मिलिमीटरचं भोक पाडून जुन्या चष्म्यावर चिकटवा. फार बारीक केलं तर अंधारतं. आणि हे सगळं चष्म्यावर, पिस्तुलावर काच किंवा आयरिस चालत नाही.

रिअर साईटची खाच अरुंद ठेवायची सवयही या वयात नडते, दोन्ही बाजूंचा पांढरा उजेड काळ्यात मिसळून जातो. खाच रुंद करता येत असेल तर करा, मला एका बदलात फरक जाणवला. आणि शॉट लांबवू नका हो! सात-आठ सेकंदांनंतर साईट पुसट व्हायला लागते आणि आपण हट्टाने धरून बसतो. हात खाली घ्या, दोन-चारदा पापण्या मिटा, परत उचला.

एक गोष्ट मात्र चष्म्याने सुटणारी नाही. साईटची सरळ कड वाकडी दिसायला लागली, तर रेंजवर नाही, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे, तो पडद्याचा त्रास असू शकतो. दिव्याभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू तपासा, आणि ऑपरेशन ठरलं तर नेमाचा डोळा कुठला आणि आपण पिस्तूल मारतो हे लेन्स निवडायच्या आधी सांगा, कारण मल्टिफोकल लेन्सने काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा मंदावतो. डायबेटिस असेल तर शुगर वरखाली होत असताना नंबर काढूच नका, महिनाभरात तो बदलतो.

सध्या माझ्याकडे तीन चष्मे आहेत, एक शॉट मारायला, एक टार्गेटवरची भोकं मोजायला आणि एक गाडी चालवायला. गेल्या रविवारी मोजायचा चष्मा घालूनच फायरिंग पॉइंटवर उभा राहिलो, पाच शॉट मारले, आणि शेजारचे म्हणाले, तुमचे दोन माझ्या टार्गेटवर आलेत.