संमिश्र संख्या : अकरावीतल्या या चुका टाळा

"५ ही संमिश्र संख्या आहे का?" ठाण्यातल्या कुठल्याही अकरावीच्या क्लासमध्ये विचारा, पहिलं उत्तर "नाही" येतं. का, तर "तिच्यात आय कुठंय?" आहे ना. आय म्हणजे √−१, आणि ५ म्हणजे ५ + ०·आय. कल्पित भाग शून्य झाला की संमिश्र संख्या वास्तव होते, एवढंच. ५ ला ५/१ लिहून परिमेय म्हणताना कुणाचं काही अडत नाही, मग इथेच का अडावं? थोडा दोष 'संमिश्र' या शब्दाचाही. मिश्रण म्हटलं की दोन पदार्थ हवेतच असं वाटतं. वास्तव वगळून बाकीच्यांबद्दल बोलायचं असेल तर वहीत पूर्ण लिहा : 'वास्तव नसलेली संमिश्र संख्या'. लांब होतं, होऊ दे.

३ + ४आय चा कल्पित भाग ४. ४आय नव्हे.

खरी डोकेदुखी म्हणजे √−४ × √−९. घाईतलं उत्तर √३६, म्हणजे ६. बरोबर उत्तर २आय × ३आय = ६आय² = −६. √अ × √ब = √(अब) हा नियम शिकताना ऋण संख्यांना वर्गमूळच नव्हतं, त्यामुळे त्याची अट कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन्ही संख्या ऋण असल्या की नियम मोडतो. एकच ऋण असेल तर चालतो, आणि त्यानेच मुलं गाफील राहतात. फळ्यावर हे लिहा :

१ = √१ = √(−१ × −१) = √−१ × √−१ = आय² = −१

चूक शोधा म्हटलं की सगळे शेवटाकडून शोधतात. घोटाळा तिसऱ्या बरोबरच्या चिन्हाशी आहे.

सीईटीसाठी काही ठिकाणी 'आत दोन वजा, बाहेर एक वजा' अशी ट्रिक घोकून घेतात. मग √−४ ÷ √−९ आलं की तीच पोरं −२/३ वर खूण करतात. उत्तर २आय ÷ ३आय, म्हणजे साधं २/३. भागाकारात तर छेद एकटा ऋण असला तरी गडबड होते : √९ ÷ √−१ = ३/आय = −३आय, पण √(९ ÷ −१) = √−९ = ३आय. ट्रिकेऐवजी एक सवय लावा. मुळाखाली वजा दिसला की आधी आय बाहेर काढायचा, मगच बाकीच्याला हात लावायचा.

लहान-मोठेपणाचंही तसंच. ठाणे स्टेशन शून्य धरा. मेन लाइनवर कळवा १, मुलुंड −१. ट्रान्स-हार्बरला वळलात की दिघा गाव म्हणजे आय. मेन लाइनवर कोण आधी, कोण नंतर हे सांगता येतं. कळवा पुढे की दिघा पुढे, याला अर्थ नाही. आय > ० धरून दोन्ही बाजूंना आयने गुणा : −१ > ०. आय < ० धरा, चिन्ह उलटतं, पुन्हा −१ > ०. तेव्हा ३ + २आय > १ + आय असं लिहू नका. तुलना करायचीच तर शून्यापासूनच्या अंतरांची करा. ३ + ४आय चं अंतर ५, आणि ती वास्तव संख्या आहे.

−१ चा कोनांक, म्हणजे शून्यापासून त्या बिंदूकडे जाणाऱ्या रेषेचा वास्तव अक्षाच्या धन बाजूशी होणारा कोन, काढताना कॅल्क्युलेटर टॅन इन्व्हर्सने ० देतो. उत्तर π. आधी बिंदू काढा, मग बटणं दाबा.

शेवटची चूक उतावळ्यांची : मधल्या पायरीत मुळाखाली ऋण संख्या आली की 'वास्तव मूळ नाही' लिहून मोकळं व्हायचं. वर्गसमीकरणात ते खपतं, घनसमीकरणात नाही. क्ष³ = १५क्ष + ४ घ्या. घनसमीकरणाचं सूत्र देतं ∛(२ + √−१२१) + ∛(२ − √−१२१). इथे पेन खाली ठेवू नका. इटालियन गणिती राफाएल बोम्बेलीने १५७२ मध्ये छापलेल्या बीजगणितात हेच समीकरण पुढे नेलं आहे. (२ + आय)³ = ८ + १२आय − ६ − आय = २ + ११आय, आणि √−१२१ म्हणजे ११आय. म्हणून दोन घनमुळं २ + आय आणि २ − आय, बेरीज ४. ताळा : ६४ = ६० + ४.