आतड्याचा कॅन्सर पसरलाय आणि ट्रायल शोधायचीय, तर काय काय करायचं

ट्रायल म्हणजे नवं औषध किंवा उपचार पेशंटवर तपासून बघणारा अभ्यास. त्यासाठी सगळ्यात आधी बायोप्सीचा ब्लॉक कुठंय ते शोधा. मेणात बसवलेला गाठीचा तो छोटा तुकडा, कोलोनोस्कोपी किंवा ऑपरेशन जिथं झालं तिथल्या पॅथॉलॉजीत ठेवलेला असतो, अर्ज देऊन मागायचा. ऑपरेशन गावाकडं झालंय आणि किमो मुंबईत चाललीय अशा घरांत गाडी इथंच अडते.

त्या तुकड्यावर केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ, हर-टू (हे गाठीतले जीन) आणि एमएसआय (गाठीतल्या पेशी डीएनएतल्या चुका दुरुस्त करतात का, ते सांगणारी टेस्ट) तपासलंय का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आजच्या बऱ्याच ट्रायलना नुसता 'आतड्याचा कॅन्सर' चालत नाही, ठरावीक म्युटेशनच, म्हणजे जीनमधला बदलच, लागतं. एमएसआय-हाय, म्हणजे ही दुरुस्ती बिघडलेली गाठ, चौथ्या स्टेजच्या शंभरात जेमतेम चार-पाच जणांत सापडतं, पण कीनोट-177 ट्रायलमध्ये अशाच 307 पेशंटपैकी साधारण निम्म्यांना किमो आणि निम्म्यांना पेम्ब्रोलिझुमॅब (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) दिलं, तर आजार न वाढता गेलेला मीडियन काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) किमोत 8.2 महिने निघाला आणि या औषधात 16.5. एका टेस्टवर एवढं अवलंबून असतं हो, ती राहू देऊ नका.

मग सीटीआरआय, म्हणजे ट्रायलची सरकारी रजिस्ट्री. 15 जून 2009 पासून भारतातली प्रत्येक ट्रायल तिथं नोंदवणं सक्तीचं आहे आणि बघायला पैसे लागत नाहीत. कोलोरेक्टल कॅन्सर टाकून शोधा, भरती चालू आहे का बघा, खाली कुठल्या हॉस्पिटलात चाललीय आणि कुणाशी बोलायचं तेही दिलेलं असतं. अटी नीट वाचा. ईकॉग (पेशंटच्या तब्येतीचा स्कोअर) 0 किंवा 1 असं बऱ्याच ठिकाणी दिसेल, म्हणजे पेशंट स्वतःचं स्वतः करणारा, हिंडता-फिरता हवा. रक्तातल्या बिलिरुबिन (लिव्हरसाठी), क्रिएटिनिनचीही (किडनीसाठी) मर्यादा असते. म्हणून मला मनापासून सांगायचंय की सगळ्या किमो संपून पेशंट अंथरुणाला खिळेपर्यंत थांबू नका, दुसरी लाईन, म्हणजे पहिले उपचार थकल्यावरचे पुढचे उपचार, चालू असतानाच चौकशी सुरू करा, पण चालू किमो स्वतःच्या मनानं बंद करू नका.

ट्रायलच्या डॉक्टरांना भेटल्यावर विचारा की नवं औषध न मिळणाऱ्या दुसऱ्या ग्रुपला काय मिळणार. फ्रेस्को-2 या ट्रायलमध्ये फ्रुक्विंटिनिब या औषधासमोर प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) होता, सोबत त्रास कमी करणारे उपचार, तर सनलाईट ट्रायलमध्ये दोन्ही ग्रुपना ट्रायफ्लुरिडीन-टिपिरासिल ही किमोची गोळी मिळाली आणि एका ग्रुपला त्यावर बेव्हासिझुमॅब. सनलाईटमध्ये मीडियन आयुष्य बेव्हासिझुमॅबवाल्या ग्रुपचं 10.8 महिने आणि दुसऱ्याचं 7.5 महिने होतं. आकडे छोटे वाटतात, पण ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांना तीन महिने म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

संमतीपत्र तिथल्या तिथं सही करून देऊ नका, मराठीतली प्रत मागा, घरी आणा, सगळ्यांनी मिळून वाचा. ट्रायलमुळे इजा झाली तर 2019 च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाई मिळते, आणि मधेच बाहेर पडायचा हक्क कायम राहतो, बाहेर पडलात म्हणून हॉस्पिटलला तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. नवं औषध सहसा फुकट असतं, पण स्कॅन, सोबतची किमो, दर खेपेचा प्रवास आणि राहणं कोण भरणार ते लेखी घ्या. उत्तर गोलमाल वाटलं तर त्याच कागदावर एथिक्स कमिटीचा (ट्रायलमधल्या पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणारी समिती) नंबर असतो, सही करण्याआधी तिथं फोन करा.