एलएसए इंजिनात ई-८५ : आधी इंधनाचा पुरवठा, मग पुली

कॅडिलॅक सीटीएस-व्हीची दुसरी पिढी आणि २०१२ ते २०१५ची कॅमेरो झेडएल-१ या दोन्हींत जीएमचं ६.२ लिटरचं एलएसए इंजिन आहे. वर हवा दाबून इंजिनात भरणारा ईटनचा १.९ लिटरचा टीव्हीएस सुपरचार्जर, कारखान्यातून साधारण ९ पीएसआय बूस्ट (हवेचा जादा दाब), कॉम्प्रेशन ९.१:१. भारतात या गाड्या अधिकृतपणे आल्याच नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतली गाडी आणि तिथल्या पंपावरचं ई-८५ (पेट्रोल आणि इथेनॉल यांचं, इथेनॉल जास्त असलेलं मिश्रण) धरून लिहिलं आहे.

या इंजिनाला इथेनॉल मानवतं. ९१ किंवा ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवर, विशेषतः उन्हाळ्यात इंटरकूलर तापला की, नॉक (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकणं) होऊ नये म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे ओढावं लागतं. इथेनॉलचं वाफ होताना उष्णता शोषणं पेट्रोलच्या दुपटीहून जास्त, ऑक्टेनही वरचा. पण एलएसएमध्ये इंजेक्टर सुपरचार्जर आणि इंटरकूलर यांच्या खाली, हेडच्या पोर्टजवळ असतात. म्हणजे इथेनॉलचा गारवा मिळतो तो पोर्टमध्ये आणि सिलिंडरमध्ये. सुपरचार्जर पहिल्याइतकाच तापतो. हवेच्या तापमानाचा सेन्सर ६० अंश दाखवत असेल तर ई-८५ वरही ६०च दाखवेल. तेव्हा इंटरकूलरच्या पाण्याचा पंप आणि रेडिएटर चोख ठेवण्यावाचून सुटका नाही.

दुसरी गोष्ट पिस्टनची. जीएमच्याच एलएस-९ इंजिनात फोर्ज्ड (घडीव) पिस्टन आहेत, एलएसएमध्ये ओतीव. पूर्ण थ्रॉटलला इंधन कमी पडून एकदा जोरदार नॉक झाला की रिंगांमधली भिंत तडकू शकते. म्हणून आधी इंधनाची व्यवस्था, मग ट्यून (इंजिनच्या संगणकातली इंधन आणि टायमिंगची मांडणी), आणि बूस्ट वाढवायला सुपरचार्जरची पुली बदलायचीच असेल तर सगळ्यात शेवटी.

गणित

पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-८५ ला सुमारे ९.८ पट. तेवढ्याच हवेला वजनाने सुमारे ५० टक्के जास्त इंधन हवं. कारखान्याच्या ट्यूनवर टाकी ई-८५ ने भरली तर ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनाच्या आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या, एवढी तूट भरून काढू शकत नाहीत, आणि पूर्ण थ्रॉटलला इंजिन थेट लीन (हवेच्या मानाने कमी इंधनावर) चालतं.

क्रँकवर ६५० अश्वशक्तीचं लक्ष्य धरू. सुपरचार्जर फिरवायलाच क्रँकची ताकद खर्च होते, त्यामुळे पेट्रोलवर दर अश्वशक्तीमागे तासाला ०.६ पौंड इंधन धरावं, ई-८५ वर ०.८५. ६५० गुणिले ०.८५ म्हणजे तासाला साधारण ५५० पौंड. आठ इंजेक्टरांत वाटून ८५ टक्के ड्यूटी सायकल (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळेतला वाटा) ठेवली तर प्रत्येकी ८१ पौंड, म्हणजे मिनिटाला ८५० सीसी. हा काठावरचा आकडा आहे. १००० सीसीच्या आसपासचे, इथेनॉल चालणारे इंजेक्टर घ्यावेत. विकणाऱ्याकडून त्यांचा पूर्ण डेटा मागून घ्या: दाबानुसार प्रवाह, व्होल्टेजनुसार ऑफसेट (उघडायला लागणारा वेळ) आणि छोट्या पल्सची दुरुस्ती. हा डेटा नसलेले स्वस्त इंजेक्टर आयडलला कधीच नीट बसत नाहीत.

पंपाचंही तसंच. ५५० पौंड म्हणजे तासाला सुमारे ३२० लिटर. मूळ दाब ५८ पीएसआय. इंजेक्टरवर तोच फरक टिकवायचा तर ९ पीएसआय बूस्टला रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीत) ६७ हवेत. ४५० लिटरचा पंप तासाला ४५० लिटर ४० पीएसआयला देतो, ६७ ला बराच कमी. ६५० अश्वशक्तीला इथेनॉलसाठी बनवलेला असा एक पंप पुरतो, त्यापुढे दोन लावा.

जोडणी

रेलमधला दाब सोडा, बॅटरीची ऋण तार काढा, कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. इथेनॉलचं प्रमाण जितकं जास्त तितकी ज्वाळा उजेडात कमी दिसते.

पंपाची वायरिंग हा सर्वांत दुर्लक्षित भाग. मोठा पंप दाबाखाली १५ ते २० अँपिअर ओढतो आणि कारखान्याची बारीक वायर तेवढ्याने तापते. बॅटरीपासून १० गेजची वायर, ३० अँपिअरचा फ्यूज आणि रिले, अर्थिंग थेट चॅसीच्या घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर. मग इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: १३ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर प्रवाह आटलाच म्हणून समजा. कारखान्याचं पंप-नियंत्रण मॉड्यूल ठेवायचं असेल तर त्याला हा करंट झेपतो का, ते आधी तपासा.

नवे होज टेफ्लॉनच्या अस्तराचे घ्या. टाकीच्या आत इंधनात बुडणारा होज एसएई ३०आर१० दर्जाचाच हवा. साधा रबरी होज टाकीत फुगतो, सुटतो आणि दाब अचानक पडतो. कागदी फिल्टरऐवजी १० मायक्रॉनचा स्टीलच्या जाळीचा बसवा. इथेनॉल जुन्या टाकीतला राळेसारखा थर सोडवून आणतं, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर उघडून धुवा.

फ्लेक्स फ्युएल सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा) जीएमचाच घ्या. इथेनॉल शून्य टक्के असताना तो ५० हर्ट्झ देतो, १०० टक्क्यांना १५०. म्हणजे १३० हर्ट्झ आले तर ८० टक्के. परतीची लाइन नसेल तर तो रेलकडे जाणाऱ्या मुख्य लाइनमध्येच बसतो. आपल्या ईसीयूच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फ्लेक्सची टेबलं उघडतात का, हे सेन्सर विकत घेण्याआधी ट्यूनरला विचारा.

प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७५ मिलिमीटरच्या आसपास.

ट्यून

नवे इंजेक्टर आणि पंप लावून आधी पेट्रोलवरच गाडी बसवा. ट्रिम पाच टक्क्यांच्या आत आले की टाकी जवळजवळ रिकामी करून ई-८५ भरा. असं केलं की पुढे काही बिनसलं तर दोष इंजेक्टरच्या डेटात की इंधनात, हे लगेच कळतं.

वाइडबँड (धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लॅम्डामध्ये वाचा: लॅम्डा १ म्हणजे त्या इंधनाला पूर्ण ज्वलनासाठी लागते तेवढीच हवा, त्याहून कमी म्हणजे इंधन जास्त. पूर्ण थ्रॉटलला ०.८० ते ०.८२ ठेवा. पेट्रोलच्या एएफआरमध्ये (हवा-इंधन प्रमाणात) विचार करणारे इथे हमखास घोटाळा करतात.

तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रॅकवर किंवा डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), २५०० पासून ६२०० आरपीएमपर्यंत लॉग घ्या. लॅम्डाबरोबर रेलचा प्रत्यक्ष दाब लॉग झालाच पाहिजे. ६२०० ला एका सायकलला १९.४ मिलिसेकंद मिळतात, पल्स १६.५ च्या वर गेला की ८५ टक्के ओलांडले. बूस्टसोबत दाब चढायला हवा. अपेक्षेपेक्षा ३-४ पीएसआय जरी कमी दिसला तरी तिथेच पाय काढा. ट्यूनमध्ये इंधन वाढवून तो दोष झाकू नका. पंप, वायर किंवा फिल्टर यांपैकी एक कमी पडतो आहे.

टायमिंग डायनोवर एकेक अंशाने वाढवा आणि टॉर्क वाढायचा थांबला की एक अंश मागे या. पेट्रोलवर नॉक सेन्सर सांगतो की बस झालं. ई-८५ वर तो गप्प राहतो, टॉर्क वाढत नाही आणि सिलिंडरमधला दाब मात्र चढत जातो. नॉक दिसत नाही म्हणून आणखी दोन अंश देणाऱ्या ट्यूनरला तिथेच थांबवा.

रोजच्या वापरात

पाटीवर ई-८५ लिहिलं असलं तरी अमेरिकेच्या मानकाप्रमाणे इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकतं, आणि हिवाळ्यात ते मुद्दाम कमी ठेवतात. सेन्सर नसेल तर दर भरणीला तपासा: मापाच्या नळीत ५० मिली पाणी, त्यावर ५० मिली इंधन, हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ९० मिलीपर्यंत चढला तर ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के. पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर आकारमान थोडं आक्रसतं, त्यामुळे खरा आकडा किंचित जास्तच असतो.

इंधन बदलून भरल्यावर लाइनमध्ये आणि रेलमध्ये जुनंच असतं. पाच-दहा मिनिटं हळू चालवा, मगच बूस्टमध्ये जा.

साधारण १० अंशांखाली इथेनॉलची वाफच पुरेशी होत नाही, स्टार्टिंगचं इंधन बरंच वाढवावं लागतं. न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं. छोट्या फेऱ्याच जास्त असतील तर ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसेल. आठवड्यातून एकदा तरी ऑइल १०० अंशांपर्यंत तापू द्या आणि दर ५००० किलोमीटरला ते बदला.

मायलेज २५ ते ३० टक्के घटतं. रस्त्यावरच्या गाडीत उत्सर्जन यंत्रणेशी छेडछाड अमेरिकी कायद्याला चालत नाही आणि कॅलिफोर्नियाचे नियम आणखी कडक आहेत. आपल्या राज्याचे नियम आधी पाहा.

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर शेवटची टाकी पेट्रोलची चालवा. नाहीतर इंजेक्टरच्या टोकाला काळा चिकट थर धरतो, एखादा सिलिंडर इतरांपेक्षा लीन जातो, आणि वाइडबँड पूर्ण बँकेची सरासरी दाखवत असल्यामुळे लॉगमध्ये ते दिसतही नाही. वसंतात पहिल्या जोरदार फेरीआधी आठही प्लग काढून रंग पडताळा. एखादा इतरांपेक्षा पांढरट निघाला तर त्याचा इंजेक्टर फ्लो-बेंचवर (प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) पाठवा.