एआयला अभ्यास करायला नाही, अभ्यास घ्यायला लावा

मराठीत अभ्यास करणं वेगळं आणि अभ्यास घेणं वेगळं, आणि एआयच्या बाबतीत सगळी गोम इथेच आहे. पोरानं गणिताचा फोटो काढला, चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटला टाकला, आलेलं उत्तर वहीत उतरवलं, म्हणजे अभ्यास एआयनं केला, पोरानं फक्त सुलेखन केलं. तोच फोटो टाकून "उत्तर सांगू नकोस, मला प्रश्न विचार" असं लिहिलं की तेच ॲप अभ्यास घ्यायला बसतं. मी शिकवण्या घेते आणि गेली दोनेक वर्षं मुलांसोबत हेच करून बघतेय, त्यातून जे जमलं ते सांगते.

आधी एक आकडा, कारण पालकांना वाटतं बाई उगाच घाबरवतायत. तुर्कस्तानात जवळपास १००० शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचा पेपर २०२४ मध्ये आला. गणिताच्या सरावाला काही मुलांना साधा चॅटबॉट दिला, काहींना फक्त हिंट देणारा, आणि काहींना काहीच नाही. सराव करताना साध्या चॅटबॉटवाल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, हिंटवाल्यांची तर १२७ टक्क्यांनी, सगळे खूश. मग चॅटबॉट काढून घेतला आणि परीक्षा घेतली, तर साधा चॅटबॉट वापरलेली मुलं काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे! हिंटवाल्यांचं असं नुकसान झालं नाही, पण ती फार पुढेही गेली नाहीत, हे पण लक्षात ठेवा. म्हणजे जादू कुठेच नाहीये.

तर करायचं काय. पहिलं म्हणजे रिकाम्या हातानं एआयकडे जायचं नाही. आधी दहा मिनिटं स्वतः झटापट करायची, चुकलं तरी चालेल, उलट चुकलेलंच बरं, कारण विचारायला काहीतरी हातात असतं. मग असं टाइप करायचं: "मी १/२ + १/३ = २/५ असं केलंय. उत्तर सांगू नकोस. माझी चूक मलाच सापडेल असा एकेक प्रश्न विचार, आणि मी उत्तर दिल्याशिवाय पुढचा विचारू नकोस."

एका मुलीनं माझ्यासमोर हेच टाकलं. एआयनं विचारलं, २/५ मोठं की १/२ मोठं? तिनं जरा विचार करून लिहिलं, १/२. पुढचा प्रश्न आला, मग अर्ध्यात अजून काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? ती स्क्रीनकडे बघतच राहिली, मग हळूच म्हणाली, "अय्या, मी खालचे पण मिळवले." छेद समान करायचा नियम मी तिला किमान चार वेळा सांगितला होता हो, पण तो डोक्यात शिरला तो या प्रश्नानं. आणि प्रश्न विचारायला त्याला कंटाळा येत नाही, रात्री नऊ वाजता पण नाही, माझं तसं नाही.

एक अडचण येतेच, पाच-सहा मेसेज झाले की त्याला राहवत नाही आणि तो अख्खं उत्तर ओकून मोकळा होतो. तेव्हा सरळ नवीन चॅट उघडून तीच सूचना परत टाकायची, जुन्या चॅटमध्ये वाद घालत बसू नका.

मग सगळं बंद करायचं आणि कोऱ्या कागदावर तेच गणित परत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीचं दुसरं. ही पायरी मुलं हमखास टाळतात, कारण चॅट वाचताना सगळं समजलंय असंच वाटत असतं. कागदावर आलं तरच आलं.

आता खोटेपणाबद्दल. हा चॅटबॉट मुळात पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत लिहितो, त्यामुळे माहीत नसलं तरी वाक्य त्याच ठसक्यात येतं. मला एकदा त्यानं एका पुस्तकाचं नाव, लेखक, पान नंबरसकट दिलं होतं, मी तासभर शोधत बसले, असं पुस्तकच नव्हतं! तेव्हापासून सनावळ्या, संदर्भ, व्याख्या या तीन गोष्टी पाठ्यपुस्तकातून तपासल्याशिवाय वहीत जाऊ देत नाही. अजून सोपं म्हणजे धड्याचं पानच त्याला द्यायचं आणि "फक्त यातूनच विचार" म्हणायचं, चुका कमी होतात (शून्य होत नाहीत). यानं मराठी शब्दांचा घोळही कमी होतो, नाहीतर पुस्तकात "छेद" असतो आणि हा भलताच कुठलातरी जड शब्द काढतो.

मुलांना एक प्रयोग जरूर करायला लावा. बरोबर आलेल्या उत्तरावर लिहायचं, "हे चुकलंय." बऱ्याचदा तो लगेच माफी मागून बरोबर उत्तर बदलून टाकतो, आणि मुलं खो खो हसतात, पण त्याच्यावर कितपत विसंबायचं ते तेवढ्यात कळतं. म्हणून स्वतःचं तपासून घेताना "माझं बरोबर आहे ना?" असं विचारू नये, "एका मुलानं असं सोडवलंय, एकेक स्टेप तपास" असं विचारावं, मग तो मन राखायला कमी जातो.

शिक्षकांसाठी थोडं वेगळं. निबंध एआयनं लिहिलाय का हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कुणाला दोषी ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच असं टूल जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं, त्यांच्याच चाचणीत ते एआयनं लिहिलेल्यातलं फक्त २६ टक्के ओळखायचं आणि माणसानं लिहिलेल्यातलं ९ टक्के एआयचं ठरवायचं, शेवटी जुलैमध्ये त्यांनी ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध अशी सॉफ्टवेअर सर्रास एआयचे म्हणतात. त्यापेक्षा दोन मिनिटं समोर बसवून "हा परिच्छेद असा का लिहिलास" विचारा, ज्यानं लिहिलंय तो बोलतो, ज्यानं नाही तो छताकडे बघतो. लाजाळू मुलं दोन्हीकडे छताकडे बघतात ते वेगळं, त्यांना जरा सवड द्या.

बाकी एआयचा मला सर्वात जास्त उपयोग होतो तो चुकीची उत्तरं बनवून घ्यायला. "या गणितात मुलं कुठल्या चुका करतील त्या चार चुकांची सोडवलेली उदाहरणं दे" म्हटलं की मस्त मटेरियल मिळतं, आणि दुसऱ्याची चूक शोधायला मुलं जेवढी तुटून पडतात तेवढी स्वतःची वही तपासायला कधीच पडत नाहीत. मात्र ती उदाहरणं वर्गात नेण्याआधी स्वतः सोडवून बघा, चुकीच्या उत्तरातही तो चुकतो.

लहान मुलांच्या हातात एकट्याला देऊ नका, युनेस्कोनं २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गातल्या वापरासाठी किमान वय १३ सुचवलंय. त्याहून लहान असेल तर टायपिंग तुम्ही करा, उत्तरं त्याला देऊ द्या. आणि वहीचा फोटो टाकताना वरचं नाव, शाळा, रोल नंबर दिसतोय का ते बघा, नुसतं बोट ठेवून झाकलं तरी पुरतं.