काचेवरचं मीठ, तांबडी धूळ आणि वॉशरची टाकी

समुद्रालगत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर सकाळी बोट फिरवलं की ते चिकटतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ते नीट सुकत नाही. त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसते. अशा काचेवर नुसता वायपर फिरवला तर लाल फराटे उठतात आणि धुळीतल्या कणांनी काचेवर बारीक चरे पडतात. संध्याकाळी हातखंब्याहून रत्नागिरीकडे जाताना मावळतीचं ऊन समोरून येतं. काचेवर मिठाचा थर असेल तर सगळी काच पांढरी होते आणि रस्त्याकडेने चालणारा माणूस दिसत नाही. म्हणून काचेवर पाणी उडवणाऱ्या वॉशरची टाकी रिकामी असणं ही किरकोळ बाब नव्हे.

पावसाळ्यात तिची गरज नाही, हा मोठा गैरसमज आहे. सर थांबली की पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल थेट काचेवर येतो आणि तो धुवायला आभाळातलं पाणी नसतं.

गाडी सपाट जागी लावून इंजिन बंद करा. बॉनेटचा खटका बहुधा स्टिअरिंगखाली असतो. तो ओढल्यावर बॉनेट बोटभर वर येतं, मग फटीतून हात घालून दुसरी कडी सोडवायची आणि आधाराची दांडी नीट अडकवायची. टाकीचं झाकण बहुतेक गाड्यांत पुढच्या एका कोपऱ्यात असतं. त्यावर काच आणि तिच्यावर उडणाऱ्या पाण्याच्या तुषारांचं चित्र असतं. झाकणाचा रंग निळा, काळा किंवा पिवळा असू शकतो, तेव्हा रंगावर न जाता चित्र पाहा. पुष्कळदा वर फक्त नळीसारखं तोंड दिसतं आणि टाकी खाली बंपरच्या आड असते.

इथे घाई करू नका. जवळच इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकीही असते, तीही दुधी प्लास्टिकचीच. तिच्यात हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणी दिसतं आणि झाकणावर गरम असल्याचा इशारा असतो. इंजिन तापलेलं असताना ते झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. साबणाचं पाणी त्यात गेलं तर फेस होतो आणि इंजिन नीट थंड होत नाही. त्याहून घातक चूक म्हणजे ब्रेक ऑईलच्या डबीत पाणी जाणं. ही डबी लहान असते आणि मागच्या बाजूला, बहुधा ड्रायव्हरच्या पुढ्यात असते. पाणी मिसळलेलं ब्रेक ऑईल लवकर उकळतं. आंबा किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. अशी चूक झालीच तर गाडी हलवू नका. मेकॅनिकला जागेवर बोलावून सगळं ऑईल बदलून घ्या.

टाकीत कोणतं पाणी घालता याला कोकणात फार महत्त्व आहे. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि बऱ्याच बोअरच्या पाण्यात क्षार असतात. हे क्षार काचेवर पाणी सोडणाऱ्या नोझलच्या बारीक भोकात सुकून बसतात आणि पाण्याची धार वाकडी होते, मग बंदच पडते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी सगळ्यात चांगलं. ते नसेल तर घरच्या आरओ फिल्टरचं पाणी घ्या. पागोळीचं पाणी नको, कारण त्यात कौलावरचं शेवाळ आणि कुजका पाला येतो.

नुसतं पाणी महिनोन्‌महिने साठलं तर टाकीत बुळबुळीत थर धरतो, म्हणून काच धुण्याचं द्रावण मिसळावं. प्रत्येक बाटलीचं प्रमाण वेगळं असतं. काही द्रावणं लिटरभर पाण्यामागे थोडेच मिलिलिटर घालायची असतात, तर काही तयारच मिळतात. बाटलीवरचं वाचा, आधी कॅनमध्ये मिसळा आणि मग टाकीत ओता. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर किंवा शाम्पूची पुडी घालू नका. फेस होतो, काचेवर थर राहतो आणि उन्हात तोच चकाकतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून वापरतात त्या द्रावणांची किनाऱ्यावर गरज नाही. त्यांतल्या अनेकांत मिथेनॉल असतं आणि ते विषारी आहे. कोणतंही द्रावण सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरात मुलं असतात.

झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तीच टाकीत जाते. नरसाळं लावून सावकाश ओता. तोंडाच्या आत जाळी असेल तर ती काढू नका. लहान गाड्यांत साधारण दीड ते अडीच लिटर पाणी मावतं. पाणी तोंडाच्या तळाशी दिसलं की थांबा आणि झाकण दाबून बसवा.

मग चावी फिरवून वॉशरची दांडी ओढा. टाकी रिकामी झाली असेल तर पाइपमधली हवा जाऊन धार यायला काही सेकंद लागतात. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त ओढून धरू नका. कोरडा पंप फिरत राहिला तर तो जळतो.

पाणी आलंच नाही तर कान द्या. गुणगुण ऐकू येते पण धार नाही, तर नोझल तुंबलंय किंवा पाइप निसटलाय. बॉनेटच्या बिजागरीपाशी तो बरेचदा सुटतो. पावसाळ्यात ऊब शोधत आलेले उंदीरही तो कुरतडतात, तेव्हा गाडीखाली ओल दिसते का ते पाहा. तुंबलेल्या नोझलच्या तोंडाशी शिवणाची बारीक सुई हलक्या हाताने फिरवा. जोरात खुपसली तर भोक मोठं होऊन धार फुटते. गुणगुणच नसेल तर आधी फ्यूज बघा, मग पंपाची जोडणी. खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवी भुकटी धरते आणि वीज पुढे जात नाही. ती घासून साफ केली की बऱ्याचदा पंप बदलावा लागत नाही.

किनाऱ्यावरच्या मुक्कामानंतर सकाळी पहिला वायपर फिरवण्याआधी काचेवर दोन तांबे गोडं पाणी ओता आणि वायपरचं रबर ओल्या फडक्याने पुसा. मीठ आणि माती निघून गेल्यावरच वॉशर वापरा. मृग लागण्याआधी रबर कडक झालंय का ते चाचपून पाहा आणि झालं असेल तर जोडीच बदला.