बिनडोक गिटार कशी सांभाळावी

आमच्या ऑर्केस्ट्रात माझ्या गिटारीला सगळे ‘बिनडोक’ म्हणतात, कारण तिच्या मानेला वरचं खुंट्यांचं डोकंच नाही. निवेदक दर कार्यक्रमात एकदा तरी माइकवरून विचारतोच, “दादा, डोकं घरी विसरलात काय?” लोक हसतात, मीही हसतो. पण ही गिटार मी हौसेनं घेतलेली नाही. दोन वर्षांपूर्वी डावा खांदा रात्री कूस बदलू देईना, म्हणून घेतली. आता कुणी ‘घेऊ का?’ विचारलं की मी आधी त्याच्या खांद्याची चौकशी करतो. नुसती वेगळी दिसते म्हणून घेणार असाल तर राहू द्या, हिचे लाड वेगळे असतात.

दिवसा मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. त्यामुळं दोन्ही गिटारी दुकानातल्याच काट्यावर चढवून पाहिल्या. जुनी चार किलो दीडशे ग्रॅम, नवी दोन किलो अडीचशे. आमचे हमालमामा काटा बघून म्हणाले, “तूट लई हाय की!” तीन तास उभं राहून वाजवणाऱ्याला ही तूट नफ्याची असते. आणि फरक नुसत्या वजनाचा नाही. नेहमीच्या गिटारीत सगळ्या खुंट्या डोक्यावर, त्यामुळं पट्टा लावून उभं राहिलं की तिची मान खाली झुकू बघते आणि डावा हात वाजवता वाजवता तिला उचलूनही धरतो. डोकंच नसलं की झुकणार काय? तो हात मोकळा होतो.

ही कल्पना नवीन नाही. नेड स्टाइनबर्गर नावाच्या अमेरिकन माणसानं, जो मूळचा फर्निचरचा डिझायनर, १९८० च्या सुमारास बिनडोक्याची बास गिटार आणली, तीही लाकडाऐवजी कार्बन फायबरची. अलीकडं स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गच्या गिटारींमुळं हा प्रकार पुन्हा चलतीत आला. माझी त्या दोघांचीही नाही. पुण्याहून वापरलेली आणली, २८ हजारांत.

घेताना मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. मी आवाज ऐकला आणि पैसे दिले. खरं तर आधी ब्रिज, म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा जिथं अडकवतात तो भाग, बघायचा. डोकं नाही म्हणजे सूर लावायची सहाही बटणं खाली, ब्रिजच्या मागं असतात. तार पूर्ण ताणलेली असताना प्रत्येक बटण दोन बोटांनी फिरवून बघा. पक्कड मागावीशी वाटली तर ती गिटार परत ठेवा. मग वरच्या टोकाचे, तार दाबून धरणारे सहा स्क्रू बघा. त्यांची षटकोनी भोकं गोल झाली असतील तर आधीच्या मालकानं घाई केलेली आहे. तिसरी गोष्ट, हिला साधी तार चालते का ते विचारा. काही मॉडेलना दोन्ही टोकांना गोळी असलेलीच तार लागते. ती मागवावी लागते, आणि गणपतीच्या दहा दिवसांत कुरियरची वाट बघत बसायची वेळ येते. आपल्याकडं कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळणारा दहा नंबर जाडीच्या तारांचा सेट चालला पाहिजे.

बसून वाजवूनही बघा. अंग छोटं असल्यानं उजव्या मांडीवरून ती घसरते. माझ्या गिटारीला खाली खाच आहे, ती डाव्या मांडीवर ठेवून मान जरा वर धरली की मनगट सरळ राहतं. पहिला आठवडा नवशिक्यासारखं वाटेल.

आता तार बदलणं. इथं सगळे फसतात. जुन्या गिटारीवर तार खुंटीला गुंडाळली की झालं. इथं गुंडाळायला काही नाही, बटण फिरवलं की आतली गाडी मागं सरकते आणि तार ओढते. त्या गाडीला सरकायला जागाच मोजकी. म्हणून नवी तार घालण्याआधी बटण उलटं फिरवून गाडी पार पुढं, मानेकडं आणायची. मग तारेची गोळी ब्रिजमध्ये बसवायची, दुसरं टोक वरच्या क्लॅम्पमधून काढायचं, आणि एका हातानं तार जेवढी ओढवेल तेवढी ओढून धरूनच दुसऱ्या हातानं स्क्रू आवळायचा. ढिली ठेवून आवळली तर बटण शेवटापर्यंत फिरतं, सूर मात्र दोन पट्ट्या खालीच राहतो, आणि सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. माझं पहिल्या दिवशी तीनदा झालं. स्क्रू आवळताना जोर मनगटाचा नको, बोटांचा पुरे. जास्त दाबलं तर पातळ तार क्लॅम्पमध्येच चेपून तुटते. आणि वरचं जादा टोक सूर लागल्यावर, तार दोन-चारदा वर ओढून सैल पडायची ती पडल्यावरच कापा. आधी कापलं आणि तार निसटली तर ती तार गेलीच.

हे सगळं ॲलन कीवर, म्हणजे षटकोनी टोकाच्या चावीवर चालतं, आणि ती की कधी लागेल सांगता येत नाही. गेल्या गणपतीत तासगावकडच्या एका गावात दुसऱ्याच गाण्याला माझी तिसरी तार गेली. तार पिशवीत होती, की घरी टेबलाच्या खणात. निवेदकानं विनोद सांगून वेळ काढली. आमचा ढोलकीवाला पळत जाऊन एका गाडी दुरुस्तीवाल्याची की घेऊन आला. ती किंचित बारीक होती. मी तरी फिरवली. स्क्रू सुटला नाही, त्याचं भोक मात्र गोल झालं. उरलेला कार्यक्रम पाच तारांवर.

दुसऱ्या दिवशी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हा सांगलीकरांना तारेचं काहीही अडलं की मिरजच आठवते, ते पूर्वीपासून. तिथल्या एका चाचांनी गिटार मांडीवर घेतली, डोक्याच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग ब्रिजकडं, आणि म्हणाले, “खुंट्या काढल्या आणि नुसते मणी ठेवले म्हणा की!” मला हे दोन वर्षांत सुचलं नव्हतं. तंबोऱ्याला सूर मोठा खुंटीवर लावतात आणि बारीक फरक घोडीखालच्या मण्यावर. ही गिटार अगदी तशी आहे. हातानं ओढून धरता ती खुंटी, बटण म्हणजे मणी. मण्यावर खुंटीचं काम काढायला गेलात की फसलात. चाचांनी रबराचा पातळ तुकडा भोकावर ठेवून त्यावरून की दाबली, हळू फिरवली, स्क्रू निघाला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजायला लावला.

तेव्हापासून की पट्ट्याला दोऱ्यानं बांधलेली असते, आणि पिशवीत दोन जादा स्क्रू. बटणांच्या आट्यांना सहा महिन्यांतून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सुईच्या टोकानं लावतो. थेंबच, धार नव्हे.

छोट्या अडचणी आणखी आहेत. सूर तपासायचा चिमट्याचा ट्यूनर लावायला डोकंच नाही, पायातला पेडल ट्यूनर घ्या. भिंतीवरच्या हुकात ती अडकत नाही. मान धरणाऱ्या स्टँडमधून माझी एकदा सरळ खाली आली, आता अंगाला टेकू देणारा घडीचा स्टँड आहे. उलट एसटीत ती दोन गुडघ्यांमध्ये उभी राहते, शेजारचा कुरकुरत नाही, आणि दुचाकीवर पाठीला लावली तर मागच्याच्या नाकाला लागत नाही. मानेवर बोटं ठेवायची पट्टी फिकट लाकडाची असेल तर वाजवण्याआधी हात धुवा. माझ्या गिटारीच्या पाचव्या घराला हळदीचा डाग आहे, तो निघत नाही.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. जुलैत माझ्या तारा जरा उंचावतात. तेव्हा तार मानेवरच्या पहिल्या आणि शेवटच्या धातूच्या पट्टीवर एकदम दाबायची आणि सातव्या-आठव्या पट्टीशी खाली किती फट आहे ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकेल इतकी पुरे. जास्त असेल तर मानेतली सळई पाव फेरा आवळा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. मग बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबलेला सूर जुळवून बघा. दाबलेला चढा लागला तर तार ढिली करून त्या तारेची घोडी किंचित मागं, उतरा लागला तर पुढं.

आणि कृष्णेकाठी राहत असाल तर हेही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. मी ३५ ऐकलं की ॲम्प्लिफायर शेजारच्या दुसऱ्या मजल्यावर पोचवतो आणि गिटार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर, आत सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून. जुनी माळ्यावर तिरकीसुद्धा मावत नव्हती.